कोरियन ढोल मोर्चात का वाजतात? एका ढोल-ताशा वादकाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका ढोल-ताशा पथकातल्या तरुणाचा आहे. स्थलांतरितांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्चात त्याने कोरियन मुलामुलींचं पथक पाहिलं. पांढरे कपडे, त्यावर लाल-निळे-पिवळे पट्टे आणि मोर्चाच्या अगदी पुढे वाजवत चाललेले. त्याने विचारलंय: हे नक्की काय वाजवतात? वारशाने आलेली कला अशी राजकारणात ओढणं योग्य आहे का? आणि आमच्यासारख्यांनी त्यांच्यात जावं का?

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात राहते. त्या पथकांतलं जांगू हे वाद्य एका कोरियन-अमेरिकन गटात बरीच वर्षं वाजवते आहे आणि आता नवख्यांना शिकवतेही. विषय माझ्या जिवाभावाचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

तू पाहिलंस ते पुंगमुल. सरकारी कागदांत त्यालाच नोंगाक म्हणतात आणि २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ते त्याच नावाने गेलं. मुख्य वाद्यं चार. क्वेंगग्वारी म्हणजे तळहातावर धरायची पितळी झांज, पण एकच, आणि काठीने वाजवायची. तिचा आवाज असा भेदक की सरावाला आम्ही कानात बोळे घालतो. जिंग ही मोठी थाळी, कापड गुंडाळलेल्या दांडक्याने वाजते, तिचा नाद लाटेसारखा लांबत जातो. बुक हा पिंपाच्या आकाराचा ढोल. आणि जांगू कंबरेत बारीक, दोन्ही तोंडांनी वेगळं बोलणारा. क्वेंगग्वारी म्हणजे कडकडाट, जिंग म्हणजे वारा, जांगू म्हणजे पाऊस आणि बुक म्हणजे ढग असं त्या लोकांत सांगतात. शेतकऱ्यांच्या वाद्यांना पावसाचीच नावं मिळणार. शिवाय छोटी डफली घेऊन नाचणारे सोगोवाले, डोक्यावरच्या टोपीची लांब फीत गरगर फिरवणारे, सनईच्या कुळातलं थेफ्योंगसो, आणि सोंगं: जमीनदार, शिकारी, नवरी, भिक्षू. ही सोंगं गर्दीत घुसून लोकांना ओढून आणतात. पथकाचा म्होरक्या सांग्स्वे. तो क्वेंगग्वारी वाजवतो, ताल बदलण्याची खूण तोच देतो आणि सगळे त्याच्या मागे रांगेने, मग वर्तुळात, मग गोगलगाईच्या शंखासारखे आत वळत जातात.

जांगूचे बोल आम्हीही आधी तोंडाने म्हणवून घेतो. दोन्ही हात एकदम पडले की डंग, डावा एकटा पडला की खुंग, उजव्या हातातली बांबूची पातळ काडी पडली की ता. पहिला ताल बहुतेक ठिकाणी ‘डंग डंग खुंग-ता खुंग’ असा चार मात्रांचा, जलद. तबल्याचे बोल कानावरून गेलेल्या मराठी माणसाला हे दहा मिनिटांत पाठ होतं. अडतो तो गुडघ्यात. पुंगमुलमध्ये घाव हातातून सुटत नाही. श्वास घेताना शरीर वर येतं, सोडताना गुडघे वाकतात आणि त्या वाकण्याबरोबर काठी पडते. म्हणून नवख्याला सुरुवातीला वाद्य देतच नाही. गोलात उभं करून नुसतं श्वासावर वर-खाली करायला लावते. ढोल-ताशातून आलेली मुलं इथे कंटाळतात, कारण त्यांचे खांदे तयार असतात. पण चार तास चालत वाजवायचं असेल तर खांद्यावर निभत नाही, गुडघ्यावरच निभतं. मोर्चात हे समजतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. त्यात असं गृहीत धरलंय की ही कला आधी राजकारणाबाहेर कुठेतरी शांत बसली होती आणि कुणीतरी तिला तिथून ओढून आणलं. तसं नाही.

कोरियात भातलावणीला आणि बेणणीला गावातली माणसं मिळून एकेकाचं शेत करायची. या सामाईक कामाच्या टोळीला दुरे म्हणत. टोळीबरोबर वाजवणारे असत आणि पुढे निशाण असे, ‘शेती हा जगाचा पाया’ अशा अर्थाच्या अक्षरांचं. कामाचा वेग ढोलावर ठरे. पूल बांधायचा, विहीर साफ करायची, देवळाची डागडुजी करायची, तर हेच पथक दारोदार वाजवत जाऊन धान्य आणि पैसे गोळा करी. म्हणजे गावाला एकत्र आणण्याचं, कामाला लावण्याचं आणि वर्गणी काढण्याचं साधन तेच होतं. ऐकणारा वेगळा आणि वाजवणारा वेगळा अशी रेघच त्यात नाही. बघणारे मध्ये ओरडून दाद देतात, आणि शेवटी सगळे वर्तुळात येऊन नाचतात. तसं झालं नाही तर कार्यक्रम पुरा झाला असं कुणी मानत नाही.

म्हणूनच सत्तेला त्याची धास्ती वाटली. जपानच्या अमलात (१९१० ते १९४५) गावाने एकत्र जमण्यावर बंधनं आली आणि दुसऱ्या महायुद्धात धातूच्या वसुलीत गावोगावच्या पितळी थाळ्याही गेल्या. स्वातंत्र्यानंतरचं वागणं तर मला जास्त बोचतं. दक्षिण कोरियाचे लष्करी हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत १९६२ साली सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा झाला आणि निवडक गावांच्या पथकांना राष्ट्रीय मान्यता मिळू लागली. त्याच राजवटीने १९७० पासून ‘नवं गाव’ चळवळीत ग्रामदेवतांची ठाणी आणि गावविधी अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढायला लावले. ज्या विधीसाठी पथक वाजवायचं तो विधी बंद, आणि पथकाला मात्र प्रशस्तिपत्र. तालीम टिकली, काम गेलं.

पुढे दोन वाटा फुटल्या. १९७८ साली सेऊलच्या एका लहानशा नाट्यगृहात किम दक-सू आणि त्यांच्या साथीदारांनी चार वाद्यं घेऊन, बसून, रंगमंचावर वादन केलं. त्याचं समुलनोरी झालं. जगभरच्या महोत्सवांत आज ‘कोरियन ड्रम्स’ म्हणून दिसतं ते बहुतेक हेच. अवघड, झगझगीत, आणि ऐकताना अंगावर काटा आणणारं. मी त्याला कमी लेखत नाही, मी स्वतः ते शिकले आहे. दुसरी वाट विद्यापीठांतून गेली. लष्करी राजवटीविरुद्धच्या विद्यार्थ्यांनी मुखवट्यांचा नाच, मोकळ्या अंगणातलं नाटक आणि पुंगमुल उचललं. सुट्टीत ही मुलं खेड्यात जाऊन म्हाताऱ्या वादकांकडे राहत. उत्तर जोल्ला प्रांतातल्या इमसिलजवळचं फिलबोंग हे त्यातलं सगळ्यात लाडकं गाव, यांग सुन-योंग तिथले सांग्स्वे. मे १९८० मध्ये ग्वांगजूत लष्कराने लोकांवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर हे वादन जवळजवळ प्रत्येक कॅम्पसवर पोचलं. १९८७ च्या जूनमधल्या लोकशाहीच्या उठावात आणि त्यानंतरच्या कामगारांच्या संपांत हे ढोल सतत होते. सभेला परवानगी नसली तरी ढोल वाजला की माणसं गोळा होत.

अमेरिकेत हे आलं कसं, याला एका माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ग्वांगजूचे कार्यकर्ते युन हान-बोंग. उठावानंतर पोलीस त्यांच्या मागावर होते. १९८१ साली ते एका मालवाहू जहाजात ३५ दिवस लपून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. १९८३ साली त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये मिन्जोक हाक्यो सुरू केलं, आजचं कोरियन रिसोर्स सेंटर. पुढच्या वर्षी तरुणांची संघटना उभी राहिली आणि न्यूयॉर्कमधलं केंद्रही निघालं, तेच आताचं फ्लशिंगचं मिनक्वॉन सेंटर. नीट जगा, मुळं ओळखा, खंबीर राहा, सोबतीने जगा अशी त्यांची चार वचनं होती. प्रत्येक केंद्राचं एक वादनपथक असायचं. कपाटात कायद्याच्या फाइली आणि त्याच खोलीत कोपऱ्यात रचलेले जांगू, अशी ती केंद्रं. युन १९९३ साली कोरियाला परतले आणि २००७ साली वारले. त्यांच्या पिढीने लावलेल्या रोपांतून १९९४ साली देशव्यापी संघटना झाली, नाकासेक. तू पाहिलेलं पथक याच वंशावळीतलं असण्याची शक्यता बरीच आहे.

पण फक्त संघटनेच्या बळावर चाळीस वर्षं ढोल वाजत नाहीत. त्यामागे एक जुनी रीत आहे, जिसिनबाल्गी, म्हणजे भूमीच्या दैवताला पावलांनी शांत करणं. चांद्र नववर्षापासून पहिल्या पौर्णिमेपर्यंत गावातलं पथक घरोघर जाई. आधी दारात वाजवून मालकाला दार उघडायला सांगायचं, मग विहिरीपाशी पाणी भरपूर येवो म्हणून, मग चुलीपाशी, मग घराच्या मुख्य दैवतासाठी. यजमान तांदूळ, पैसे, दारू पुढे ठेवी. आज ओकलंड, लॉस एंजेलिस, फ्लशिंग, शिकागो इथल्या कोरियन वस्त्यांत हीच फेरी दुकानांतून निघते.

एक फेरी डोळ्यांपुढे आण. फेब्रुवारीची थंडी, रस्त्यावर पंधरा-वीस वादक. पहिलं दुकान किराणामालाचं. सांग्स्वे दारात उभी राहून ‘मालक, मालक, दार उघडा’ असा पुकारा करते. काच सरकते, आम्ही तांदळाच्या पोत्यांमधून वाट काढत आत. विहीर नाही म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी थांबायचं, चूल नाही म्हणून मागच्या स्वयंपाकघरात शिरायचं, आणि गल्ल्यापाशी जरा जास्त वेळ. स्वयंपाकघरात भांडी घासणारा मेक्सिकोचा माणूस असतो, तो झाकणावर ताल धरतो. मालकीणबाई सत्तरीच्या. आधी संकोचतात, मग खांदे हलू लागतात, आणि मग त्या कुणाच्या तरी हातातला सोगो घेऊन सरळ मध्ये येतात. निघताना पाकीट देतात, संत्री देतात. ते पैसे केंद्रात जातात, वृद्धांना नागरिकत्वाचे अर्ज भरून देणाऱ्या वर्गाला, मुलांच्या वर्गाला.

या फेरीत अजून एक काम होतं, आणि संघटन करणाऱ्याला त्याचं मोल कळतं. आम्हाला कळतं की अमक्या दुकानाचं भाडं दुप्पट झालंय, तमक्या हॉटेलातल्या स्वयंपाक्याला दोन महिने पगार नाही, ह्या बाईंचा मुलगा कागदपत्रांविना वाढलाय आणि कॉलेजात जाऊ शकत नाही. तीन महिन्यांनी तोच कार्यकर्ता मतदार नोंदणीचा कागद घेऊन गेला की दार बंद होत नाही. मोर्चातलं वादन तुला दिसलं, कारण ते रस्त्यावर असतं. त्या मोर्चाला माणसं कुठून आली, हे अशा फेऱ्यांत घडलेलं असतं. पुंगमुल टिकलं ते गावात करायचं तेच काम त्याला परदेशात पुन्हा मिळालं म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या पिढीचं वळण १९९२ चं. रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस २९ एप्रिलला कोर्टात सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. कोरियन मालकीच्या दोन हजारांहून अधिक दुकानांचं नुकसान झालं. तोवर इंग्रजीतच वाढलेल्या कितीतरी मुलांना आपण नक्की कोण, आपल्या बाजूने बोलणारं कोण, आणि शेजारच्या काळ्या व लॅटिनो माणसांशी आपलं नातं काय, हे प्रश्न तेव्हा पहिल्यांदा एवढे टोकदार भिडले. नव्वदच्या दशकात विद्यापीठांमध्ये पुंगमुलचे गट झपाट्याने वाढले त्यामागे हे कारण मोठं आहे. माझे पहिले शिक्षक त्याच पिढीतले.

त्याच साली लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमध्ये किवा ही कामगारांची संघटना स्थापन झाली. तिने रेस्टॉरंट आणि किराणा दुकानांतल्या कोरियन आणि लॅटिनो कामगारांचे थकलेले पगार कोरियन मालकांकडून मागितले. म्हणजे आपल्याच समाजातल्या माणसाच्या दारात, आपलेच ताल, आणि मागणी मात्र त्याच्याविरुद्ध. अनेकांना हे रुचलं नाही, घरचं भांडण चव्हाट्यावर आणलं असं म्हणाले. मला ते पुंगमुलच्या स्वभावाला धरून वाटतं. गावातही सोंगांमधला जमीनदार नेहमी चेष्टेचा धनी असे.

मग २००६. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने एक विधेयक मंजूर केलं, ज्याने कागदपत्रांविना राहणं हा गंभीर गुन्हा ठरला असता. त्याविरुद्ध १ मे २००६ रोजी देशभर लाखो लोक रस्त्यावर आले. लॉस एंजेलिसच्या विल्शायर बुलेव्हार्डवर मुख्यतः लॅटिनो लोकांच्या समुद्रात कोरियन ढोल पुढे होते. त्या क्षणापर्यंत ‘बेकायदा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येई. त्या ढोलांनी दाखवलं की यात आशियाई घरंही आहेत. ते विधेयक सिनेटमध्ये पुढे सरकलं नाही. २०१७ साली, लहानपणी आणलेल्या मुलांना संरक्षण देणारी डाका योजना रद्द होणार अशी चिन्हं दिसल्यावर नाकासेकच्या लोकांनी व्हाइट हाउससमोर १५ ऑगस्टपासून २२ दिवस-रात्र ठाण मांडलं. १५ ऑगस्ट हा कोरियाचाही मुक्तिदिन. ५ सप्टेंबरला योजना बंद करण्याची घोषणा झाली. तो लढा त्या दिवशी हरला असं कुणी म्हणेल. पण ज्यांनी ती रात्रपाळी केली त्यांतली काही मुलं पुढे संघटना चालवू लागली.

हे फक्त अमेरिकेत नाही. ओसाकाच्या इकुनो भागात, जपानमधल्या कोरियनांच्या सर्वांत मोठ्या वस्तीत, १९८३ ते २००२ दरवर्षी लोकांचा सांस्कृतिक उत्सव भरायचा आणि त्याची सुरुवात पुंगमुलच्या मिरवणुकीने व्हायची. तिथल्या कित्येक मुलांनी शाळेत जपानी नाव लावलेलं होतं. परदेशी म्हणून बोटांचे ठसे द्यायला नकार देण्याची चळवळ त्याच दशकात चालली होती. स्वतःच्या कोरियन नावाने, भर रस्त्यात, एवढा मोठा आवाज करत चालणं ही त्यांच्यासाठी केवढी गोष्ट असेल!

आक्षेप काय येतात तेही सांगते. अमेरिकेतले बरेचसे कोरियन प्रोटेस्टंट आहेत. भूमिदैवत, चुलीचं दैवत, डुकराचं शिर मांडून केलेली पूजा हे त्यांना पटत नाही. काही गट पूजा वगळतात, काही चर्चच्या दारात फक्त शुभेच्छांचे ताल वाजवतात. मला पूजा वगळलेली आवडत नाही, पण आजीबाईंना दार बंद करायला भाग पाडण्यापेक्षा ते बरं. दुसरा आक्षेप जाणकारांचा, की मोर्चात वाजवून वाजवून वादन ढोबळ होतं. हा आक्षेप खरा आहे. रस्त्यावर दोन-तीन जलद तालांवरच भागतं आणि मग सात जिंगांच्या छिल्चेसारखे अवघड ताल मुलं शिकतच नाहीत. यावर उपाय एकच, वर्षातून एकदा तरी गुरूकडे जाऊन बसणं. फिलबोंगला आजही सुट्टीतली शिबिरं होतात आणि परदेशातून मुलं जातात. ज्या गटाने ही बाजू सोडली त्याचं वादन पाच वर्षांत घोषणांची साथ होऊन बसतं.

आणि ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की व्हिसा, पगार, घरभाडं, मुलाचा कॉलेजचा प्रवेश यातलं काय घराबाहेर ठेवून वाजवायला बसायचं? आपल्याकडेही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे डफ घेऊन उभे राहिले, तेव्हा शाहिरी बाटली असं कुणी म्हटलं नाही.

तिसरा प्रश्न, तुम्ही जावं का? जावं. बिगर-कोरियन माणसं या गटांत आधीपासून आहेत. कोरियातून दत्तक आलेली, गोऱ्या घरांत वाढलेली मुलंही आहेत. त्यांच्यातल्या काहींना मोठेपणी कळलं की दत्तक आईवडिलांनी नागरिकत्वाचे कागद पुरेच केले नव्हते. २००० सालच्या कायद्याने अशा मुलांना आपोआप नागरिकत्व दिलं, पण २७ फेब्रुवारी २००१ रोजी अठरा वर्षं पुरी झालेल्यांना त्यातून वगळलं. त्यांच्यासाठी हे ताल शिकणं आणि कायदा बदलायला लावणं एकाच धाग्यातलं आहे. तुमच्या पथकाचा धागाही तुम्ही शोधा. ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेले तुमच्यात कितीतरी असतील.

जाताना मात्र थेट मोर्चाच्या दिवशी ढोल घेऊन हजर होऊ नका. पन्नास ढोलांपुढे वीस जांगू ऐकू येणार नाहीत आणि यजमानांचाच आवाज बुजेल. आधी त्यांच्या सरावाला रिकाम्या हाताने जा, खुर्च्या लावा, गुडघ्याचा व्यायाम करा. एकत्र वाजवायचं ठरलं तर त्यांच्या सांग्स्वेची खूण सगळ्यांनी मानायची, आणि ढोलांची संख्या तिला विचारून ठरवायची. ताशाची तर्री त्यांच्या क्वेंगग्वारीवर चढते, म्हणून आळीपाळीने वाजवणं उत्तम: त्यांचा एक फेरा, तुमचा एक, मध्ये घोषणांना जागा. मोर्चाच्या मार्गावर वादनाची परवानगी कुणी काढली आहे ते आयोजकांना आधी विचारा. आणि फोटो! पथकात कुणाकडे कागदपत्रं नाहीत हे तुम्हाला कधीच सांगितलं जाणार नाही, आणि विचारायचंही नाही. विचारल्याशिवाय एकही चेहरा फेसबुकवर टाकू नका. तुमच्यातही एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी पुढच्या रांगेत उभं राहायचं की नाही, हे वकिलाला विचारून आणि ज्याने त्याने स्वतः ठरवावं. कुणाला आग्रह करू नये. मागच्या रांगेत जिंग धरायलाही भरवशाचं माणूस लागतं.

सुरुवात मोर्चाने न करता जिसिनबाल्गीने करा. चांद्र नववर्ष साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं, आणि तुम्हाला फ्लशिंग जवळ आहे. दोन-तीन आठवडे आधी केंद्राला फोन करा, पाकिटं धरायला आणि संत्र्यांच्या पिशव्या उचलायला माणसं हवी आहेत का विचारा. हवीच असतात.